हरकत नाही

मालकांनी अभिनंदन केलं तेव्हा तिच्या हातात कुणाच्या तरी वरच्या जबड्यातला पुढचा दात होता. दात म्हणजे अजून पुरता दात झालेला नव्हता. पातळ टोपीवर ओल्या पोर्सेलिनचे दोन थर चढले होते, तिसरा चढत होता, आणि या कामात एकदा ब्रश ओला केला की मध्ये मान वर करायची नसते, पावडर सुकते आणि भट्टीत गेल्यावर तडा जातो. कृत्रिम दात करणाऱ्या त्या लॅबमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, मालकांना तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. तरी ते तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, बरं झालं बाई, काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. भला माणूस आहे. म्हणाला, हिच्या व्हिसाची काळजी आता तुम्ही करू नका, यापुढे मी बघतो, ती आता माझी बायको म्हणून राहील. मग ते तोंडभर हसले. माझ्या डोक्याचा ताप गेला, म्हणाले, तुझं नूतनीकरण थांबवायला उद्या सकाळी सरकारी ऑफिसला कळवून टाकतो. ती "हो" म्हणाली. का म्हणाली देव जाणे. या माणसाला हो म्हणायची इतक्या वर्षांची सवय, शिंकेसारखं ते आपोआप बाहेर पडलं.

मालकांची पाठ वळल्यावर तिनं दाताकडे पाहिलं. तिसरा थर सुकून पांढरा फटक पडला होता. तिनं टोकदार हत्यारानं तो खरवडून काढला, टोपी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून पावडर कालवायला घेतली. हात आपलं काम करत होते. ते शहाणे हात होते, कुणाचं लग्न आणि कुणाचा फोन याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. राग अजून आला नव्हता. आधी नुसते कान गार पडले, मग मानेवर काहीतरी हळूहळू चढतंय असं वाटलं, आणि मग त्या वाक्यातला एकेक शब्द सुटा होऊन टोचायला लागला. हिची काळजी. तुम्ही करू नका. मी बघतो. म्हणजे आजवर मालक बघत होते आणि उद्यापासून नवरा बघणार. आणि ती कुठे होती या सगळ्यात? ती मध्ये उभी होती, दाव्याला बांधलेली, आणि दावं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं तरी तिला सांगायला हवं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. गाय विकतानासुद्धा लोक तिच्या पाठीवरून हात फिरवतात. इथं दोन पुरुषांनी फोनवर दोन मिनिटं बोलून, वर एकमेकांना भला माणूस म्हणून, व्यवहार उरकला होता. आणि काल रात्री तो तिच्या शेजारी झोपला होता, घोरत होता, एक शब्द बोलला नव्हता. आता मात्र राग आला. आला तो असा आला की तिनं ओला ब्रश तसाच खाली ठेवून दिला.

इथला नियम सरळ होता. कामाच्या व्हिसावर सलग पाच वर्षं काढा, कर भरा, कुठल्या भानगडीत पडू नका, मग कायमचं राहायचा हक्क तुमचा. मग तुम्ही दात करा नाहीतर बटाटे विका, कुणाच्या सहीची गरज नाही. पण तोवर सही मालकाची. त्यांनी काम दिलं म्हणून तुम्ही आहात, त्यांनी काढून घेतलं की तुम्ही नाही. ती आली तेव्हा भावानं निरोप देताना चेष्टा केली होती, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमची ताई बघा आता दात करूनच भरणार. तेव्हा सगळे हसले होते. इथं आल्यावर तिला कळलं की पोट भरायची अडचण नव्हती, तोंड बंद ठेवायची होती. पगार वाढवा म्हटलं की मालक चष्मा कपाळावर चढवत आणि मायेनं विचारत, आणि तुझे कागद? सुट्टीच्या दिवशी यायला जमणार नाही म्हटलं की तेच. एकदा भट्टी बिघडली, तापमान चुकलं, ट्रेभर कॅप वाया गेल्या. चूक दुरुस्तीवाल्याची होती, बोलणी तिनं खाल्ली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिच्यानंतर आलेली इथली पोरं वर्ष-दोन वर्षांत काम शिकून दुसऱ्या लॅबमध्ये दीडपट पगारावर गेली. जाताना तिला म्हणाली, तू पण चल की. ती हसली आणि म्हणाली, बघू. पुढच्या दातांची छटा जुळवायला आख्ख्या लॅबमध्ये तिच्याइतकं कुणी नव्हतं. डॉक्टर लोक माप पाठवताना वर लिहून देत, हे त्या बाईकडेच द्या. पण त्या बाईचा हात दगडाखाली होता. ती एकच गोष्ट धरून बसली होती, की हे पाचवं वर्ष एवढं भरू दे. मग कुणाच्या बापाची भीती नाही. ते वर्ष आता भरत आलं होतं. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं, आणि आज हे दोघं सांगत होते की हत्तीला पुन्हा मागे घ्या आणि पहिल्यापासून काढा. कारण लग्नाच्या व्हिसावर गेलं की वर्षं नव्यानं मोजायची, कामाच्या व्हिसावरची त्यात धरत नाहीत. हे नवऱ्याला माहीत नव्हतं असं नाही. तिनंच सांगितलं होतं.

कधी सांगितलं होतं तेही तिला लख्ख आठवत होतं. लग्नाच्या बऱ्याच आधी, नदीवरच्या पुलावर, बोचरं वारं सुटलेलं, आणि तो दोन्ही हातांत कॉफीचे कागदी पेले धरून तिच्या पुढे उलटा चालत होता, म्हणजे तिला वारा लागू नये. तो असाच होता. विम्याच्या कंपनीत नुकसानभरपाईचे दावे मिटवायचं त्याचं काम, आणि मिटवणं त्याच्या रक्तातच होतं. शेजाऱ्यांची गाडी लावण्यावरून भांडणं, सासूबाईंचं आणि त्यांच्या बहिणीचं वर्षानुवर्षांचं न बोलणं, हॉटेलात चुकीचं आलेलं बिल, सगळं तो फोन उचलून, गोड बोलून मिटवून टाकायचा आणि मग हात झटकून म्हणायचा, झालं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस फार. तिला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. एकटीनं सगळं निस्तरून दमलेल्या माणसाला असा माणूस भेटला तर बरंच वाटतं. पुलावर ती म्हणाली होती, लग्न करू, पण मी माझ्याच व्हिसावर राहीन, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत. तो म्हणाला होता, वा, बरोबर आहे. त्याला बरोबर काय आणि चूक काय कळणार होतं? तो चार वर्षांचा असताना वडिलांच्या कडेवर बसून इथं आला. कागद वडिलांनी केले, तो मोठा होईपर्यंत इथलाच झाला होता. रांगेत उभं राहून खिडकीमागच्या माणसाच्या भुवईकडे बघत बसणं त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं असणार, हा हिचा एक हट्ट आहे, छोटासा, गोड, पुढे विसरेल.

आणि तिनंच त्याच्या हातात कोलीत दिलं होतं, हेही तिला आता आठवलं, आणि त्यानं राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. लग्नासाठी तिनं सुट्टी मागितली तेव्हा मालकांनी अर्धीच दिली, आणि तीसुद्धा उपकार केल्यासारखी. त्या संध्याकाळी ती घरी येऊन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली होती आणि म्हणाली होती, या माणसाच्या तावडीतून मला कुणीतरी सोडवा रे. त्यानं तिचे डोळे पुसले होते. म्हणाला होता, सोडवतो. आता रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. तिची आई रोज स्वयंपाक करताना म्हणायची की या घरातून मी मेल्यावरच सुटेन, म्हणून कुणी तिच्यासाठी तिरडी आणली नव्हती. पण हा विम्याचा माणूस. कुणी रडत तक्रार केली की तो दावा समजतो, आणि दावा आला की मिटवतो. त्यानं तिचं रडणं जपून ठेवलं, आणि काल बरा मुहूर्त बघून मालकांना फोन लावला, सोडवली. आगीतून काढली आणि फुफाट्यात ठेवली, आणि स्वतः समाधानानं झोपला.

जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या खोलीत बसली होती, डबा उघडून, घास न घेता. शेजारी कवळीबाई बसल्या होत्या. हे नाव तिनंच मनातल्या मनात ठेवलेलं. त्या कवळ्या करत, वयानं तिच्या आईएवढ्या, दुसऱ्याच कुठल्यातरी देशातून फार वर्षांपूर्वी आलेल्या, आणि त्यांचं-तिचं बोलणं दोघींच्या मोडक्यातोडक्या इथल्या भाषेत चाले. त्यांनी विचारलं, काय झालं, आणि तिनं सांगितलं. कवळीबाईंनी आपला घास नीट चावून गिळला. मग म्हणाल्या, मीसुद्धा नवऱ्याच्या व्हिसावर होते. पहिला नवरा. वाईट नव्हता, मारायचा नाही, प्यायचा नाही. फक्त रागीट होता. एकदा आमचं भांडण झालं, कशावरून ते मला आता आठवतही नाही, आणि त्यानं रागाच्या भरात व्हिसाच्या ऑफिसला लिहून टाकलं की ही आता माझ्याबरोबर राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा राग गेला. रडला, पाया पडला. पण लिहिलेलं गेलं ते गेलं. मला परत जावं लागलं, आणि पुन्हा यायला मला किती वर्षं लागली ते विचारू नकोस. एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ती म्हणाली, माझा नवरा तसं करणार नाही. कवळीबाई म्हणाल्या, नाहीच करणार, मलाही माहीत आहे. पण तू त्याच्याशी भांडताना आधी हे मनात आणशील की नाही? तिनं न जेवताच डबा बंद केला.

आत्या तेव्हाच आठवली असणार, कारण दुपारभर आत्या डोक्यात फिरत राहिली. वडिलांची धाकटी बहीण. सासरी पटलं नाही म्हणून परत आलेली, आणि मग त्यांच्याच घरात राहिलेली, आयुष्यभर. तिला कुणी कधी वावगा शब्द बोललं नाही, हे घरात अभिमानानं सांगितलं जायचं. वडील म्हणायचे, तुझं घर आहे हे. आई तिला नवीन साडी आणायची. पण आत्या संध्याकाळी खोलीत आली की दारात उभी राहून विचारायची, दिवा लावू का? रोज विचारायची. कुणी नाही म्हटलं नव्हतं कधी. उलट वडील वैतागायचे, अगं विचारतेस काय, लाव की. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा, दिवा लावू का? लहानपणी तिला आणि भावाला ते हसू यायचं, दोघं आत्याची नक्कल करायची. ज्याच्या घरात तुम्ही मिंधे असता त्याच्या चांगुलपणाचं काय करायचं असतं, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं. वाईट माणसाला निदान शिव्या देता येतात.

संध्याकाळच्या आधी ती मालकांच्या काचेच्या केबिनमध्ये गेली. दारावर टकटक केली आणि दार उघडलं. ते कुणाच्या तरी दाताचा फोटो स्क्रीनवर मोठा करून बघत होते. ती उभ्यानंच म्हणाली, "मला माझ्या कामाच्याच व्हिसावर राहायचंय. नूतनीकरण थांबवू नका."

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि तुझा नवरा?"

"त्यानं मला विचारलं नव्हतं."

ते हसले. तसलं हसणं तिनं इतकी वर्षं ऐकलं होतं, वरून साय आणि खाली नासलेलं दूध. मग ते समजावणीच्या सुरात बोलले. हे बघ, मी नवराबायकोच्या मध्ये पडत नाही, माझा तो स्वभाव नाही. त्यानं मला एक शब्द दिला, तू येऊन दुसरा देतेस. उद्या तो माझ्या दारात येऊन उभा राहिला तर? असं कर, त्याला म्हणावं फोन कर. त्याची हरकत नसेल तर मी सही करतो, मला काय. ती म्हणाली, व्हिसा माझा आहे. ते म्हणाले, तुझाच आहे गं, पण घर दोघांचं आहे. "मी काय परका आहे का? तुझ्या बऱ्याचंच सांगतोय." उद्या सकाळपर्यंत फोन आला पाहिजे, नाहीतर मी कळवून मोकळा होतो, एवढं बोलून त्यांनी चष्मा खाली ओढला आणि पुन्हा त्या दाताकडे बघायला लागले.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती बसली आणि तिला हसूच आलं, पण ते हसू दातओठ खाण्याच्या फार जवळचं होतं. म्हणजे नवऱ्याच्या आधाराशिवाय राहायचं असेल तर नवऱ्याची परवानगी आणा. वा रे न्याय. दोघांचं कसं छान जमलंय, एक म्हणतो मी बघतो, दुसरा म्हणतो त्याला विचारून ये. बस एका शाळेपाशी थांबली, गणवेशातल्या पोरी चढल्या, त्यांच्या दप्तरांचा ओल्या रबरासारखा वास आला. एकीच्या समोरच्या दाताचा कोपरा तुटलेला होता आणि तिच्या मनानं सवयीनं त्याची छटा ठरवून टाकली. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. लेकानं त्यांना आधीच सांगितलं होतं, अर्थात. त्यांचा आवाज फुलून आला होता. म्हणाल्या, अगं सुटलीस बाई, आता त्या माणसाची कटकट नाही. मी बघ ना, आख्खा जन्म ह्यांच्या कागदांवर काढला, मला कधी काही टोचलं नाही. ती हो आई, हो आई म्हणत राहिली. सासूबाई मायेच्या होत्या, खोट्या नव्हत्या. मग तिला एकदम वाटलं, विचारावं, आई, तुम्हाला बाबांचा कधी राग आला होता का, खराखुरा, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? पण असलं कुणाला फोनवर विचारतात का? ती म्हणाली, बस आली माझी, ठेवते. ती बसमध्येच बसलेली होती.

घरी तो स्वयंपाकघरात होता, बाह्या दुमडून, चहाचं आधण ठेवून. तिचा चेहरा बघितला आणि डोळे चमकले त्याचे, कळलं वाटतं तुला, म्हणाला, मी सुट्टीच्या दिवशी सांगणार होतो, बाहेर जेवायला नेऊन. तिनं बॅग खुर्चीवर ठेवली. चपला काढल्या नाहीत. रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली होती, एकाहून एक धारदार, आणि आता त्यातलं एकही तोंडात येईना.

"तू मला विचारलं का नाहीस?" एवढंच आलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग हळूहळू चेहरा उतरला, आणि तो बोलायला लागला, भराभरा, सगळं खरं. तूच म्हणालीस सोडवा मला. तू रडत होतीस. तो माणूस तुझं रक्त पितोय, मी बघतोय ना रोज. लग्नाच्या व्हिसावर तू उद्या कुठेही काम करू शकतेस, दीडपट पगार मिळेल. वर्षं नव्यानं मोजायला लागली तर लागली, आपण कुठे पळून जाणार आहोत? मी काय वाईट केलं? "मी काय परका आहे का?"

"मालकपण आज हेच म्हणाले," ती म्हणाली.

आधण उकळायला लागलं होतं, त्यानं गॅस बारीक केला. मग तिनं त्याला केबिनमधलं सांगितलं, उद्या सकाळपर्यंत त्याचा फोन गेला नाही तर काय होणार तेही. तो निवळला. फोन करायचा हे त्याला समजण्यासारखं होतं. म्हणाला, एवढंच ना? अगं मग आधी सांगायचं, दोन मिनिटांचं काम आहे. खिशातून फोन काढला, खिडकीशी गेला आणि लावला. त्याचा कामाचा आवाज तिला ओळखू यायचा, जरा खालच्या पट्टीतला, हसरा. तो म्हणाला, हो, हो, मीच. नाही, नाही, तसं काही नाही. घरात बोलणं झालं आमचं. तिला हौस आहे तर राहू दे की तिच्याच व्हिसावर. माझी काही हरकत नाही. बिलकुल हरकत नाही. पलीकडून काहीतरी बोलणं झालं, हा हसला, मालकही हसले असणार. मग फोन ठेवून तो वळला, हात झटकले आणि म्हणाला, झालं. सही करतोय तो. मिटलं.

मिळालं होतं तिला. जे हवं होतं ते मिळालं होतं, पाची वर्षं जागच्या जागी होती, हत्तीचं शेपूटही आता निघणार होतं. तो समोर उभा होता, कपाळावर थोडा घाम, आणि वाट बघत होता. कशाची, ते तिला एकदम कळलं. तिनं बरं म्हणायची वाट बघत होता. थँक यू म्हटलं असतं तर अजून चांगलं. मालकही सही केल्यावर असेच थांबायचे, पेनाचं टोपण हातात धरून, आणि ती दरवेळी म्हणायची. दरवेळी. जीभ उचललीसुद्धा गेली होती. तिनं ती दातामागे दाबून धरली.

"पुन्हा लाव फोन," ती म्हणाली.

"का? मिटलं ना?"

"तुझी हरकत नाही म्हणून मी इथं राहणार नाही. तू त्यांना सांग, मी तिला न विचारता बोललो होतो. तिच्या व्हिसाबद्दल बोलायचा मला अधिकार नव्हता. एवढंच सांग."

तो तिच्याकडे बघत राहिला. आमच्या कंपनीत पहिल्या दिवशी शिकवतात, म्हणाला, फोनवर चूक कधी कबूल करायची नाही. मिटलेलं उकरायचं नाही. त्यानं ते चेष्टेत म्हणायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग खरोखरच घाबरून म्हणाला, अगं, तो भडकला तर? सही करतो म्हणालाय, ती पण केली नाही तर? तुझीच वर्षं जातील. हे खरं होतं. मालक लहरी होते, त्यांचा अहंकार दुखावला तर ते काहीही करू शकत. हातात आलेलं घालवायला निघाली आहेस, असं तिचं तिलाच ऐकू येत होतं, आईच्या आवाजात. गप्प बसलं असतं तर सकाळी सही झाली असती, काही महिन्यांनी ती मोकळी झाली असती, आणि या संध्याकाळचं पुढे कधी कुणी नाव काढलं नसतं. पण मग ती आयुष्यभर या माणसाची हरकत नसल्यामुळे इथं राहिली असती. तोही ते विसरला असता, आणि तीच तेवढी विसरली नसती. एवढा राग घेऊन एका पलंगावर झोपायचं तिच्यानं झालं नसतं.

"लाव," ती म्हणाली. "गेली तर माझी वर्षं जातील. मी बघेन."

त्यानं लावला. या वेळी खिडकीशी गेला नाही, ओट्याशीच उभा राहिला, तिच्यासमोर. आवाज कामाचा नव्हता. अडखळला, दोनदा सुरुवात केली. मग म्हणाला, मगाशी बोललो ते बरोबर नव्हतं. मी तिला विचारलं नव्हतं. कालही नव्हतं विचारलं. तिच्या व्हिसाबद्दल मी बोलायलाच नको होतं, जे काय ते यापुढे तिच्याशीच बोला. पलीकडून तिला ते हसणं ऐकू आलं, फोनमधून बारीक होऊन आलेलं, तरी तेच. बराच वेळ मालक काहीतरी बोलत होते. नवऱ्याचे कान लाल झाले, मग मान. जबडा घट्ट झाला. तोंड उघडून तो काहीतरी बोलणार होता, तिला स्पष्ट दिसलं, आणि मग त्यानं ते तोंड मिटलं आणि म्हणाला, "हो." मग पुन्हा, "हो, हो." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"करतो म्हणाला सही." तो खाली बघत होता. "हसला. म्हणाला, बायकोनं शेजारी उभं राहून बोलायला लावलं वाटतं. अजूनही बरंच बोलला. तुझ्याबद्दल पण बोलला."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"मग काय करणार?" तो उसळून म्हणाला. "सही त्याच्या हातात आहे ना."

बोलून गेला आणि थांबला. चहा उतू जायच्या बेतात होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, नुकतंच स्वतःचं बोलणं कानावर पडलेल्या माणसासारखा, आणि काहीतरी बोलावं म्हणून ओठ हलत होते, पण त्या विम्याच्या माणसाला काही सुचत नव्हतं. तिनं नजर वळवली नाही. बघू दे, तिनं मनात म्हटलं. एकदा नीट बघू दे त्याला.